बाबांनी आणलेलं स्टूल

जऊळका, ८ जानेवारी १९५६, संध्याकाळ

आज देवळात माझं गाणं होतं. बाबा स्टूल घेऊन आले आणि माझं डोकंच फिरलं. लहानपणी मी एकदाच ऐकलेलं काहीही जसंच्या तसं गायचो, म्हणून याच स्टुलावर उभं करून ते मला गावापुढे गायला लावायचे. अजूनही तेच?

मी मुद्दाम सतरंजीवर बसलो आणि माझी नवी बंदिश सुरू केली. डोळे उघडले तर स्टुलावर बाबाच! त्यांचे गुडघे वाकत नाहीत आता. मला ठाऊकच नव्हतं.

परतताना स्टूल मीच उचललं.

"कोनाची बंदिश होय रे हे?"

"मायीच, बाबा. म्याच बांधली."

बाबा थांबलेच.

"मंग म्या खाली बसाले पायजे होतं."