तेजलच्या पट्ट्या आणि आमची कांदाचाळ

चांदवड,
१८ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप चतुराआक्काच्या चरणी धाकट्या भिकाचा साष्टांग नमस्कार. दाजींनाही सांग.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मालनची कंबर धरलीय आणि माझी झोप उडालीय, बाकी हातीपायी धड. तुझा गुडघा काय म्हणतो? इंदिरानगरातल्या त्या डॉक्टरने दिलेलं तेल लावतेस, की कपाटात ठेवून लांबूनच नमस्कार करतेस? दाजींच्या शुगरचं काय? (दिवाळीत त्यांनी करंजीला हात लावला नाही, हे मालनने ऐकलं आणि पोट धरून हसली.) फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. एक तर फोनवर माझी जीभ अडखळते, आणि दुसरं म्हणजे दाजी स्पीकर लावतात आणि ऐन मुद्द्याला कांद्याचा भाव विचारतात. मला तेजलबद्दल लिहायचंय, आणि ते तुला एकटीला.

तुझी लेक पुण्यात चार वर्षं काय संशोधन करते, हे तू शेजारणींना ‘प्लॅस्टिकचं कायतरी’ म्हणून सांगतेस, ते आधी बंद कर. मला तिने नीट समजावलंय. आषाढात आली ती बारा पट्ट्या घेऊन. बोटभर रुंद, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाइतक्या पातळ, रंग हिरवागार. तर म्हणाली, मामा, यात रंग घातलेलाच नाही. आत मणी आहेत, डोळ्याला न दिसणारे, डब्यात लाडू रचावेत तसे थरावर थर रचलेले. दोन मण्यांत अंतर किती, त्यावर रंग ठरतो. अंतर वाढलं की रंग पालटला. मोराच्या पिसाचा निळा रंगसुद्धा असाच, नुसत्या रचनेचा, म्हणे. (मी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली. आत काही नसताना वर रंग कसा दिसतो, हे मला शिकवायची गरज नव्हती. पण पोर हौसेने सांगत होती, मी हौसेने ऐकलं.) कांदा आतून सडायला लागला की जी वाफ सुटते, ती आपल्या नाकाला कळायच्या आत ही पट्टी पिते, फुगते, मणी लांब सरकतात आणि हिरव्याची लाल होते. लाल दिसली की ढीग उपसायचा, नासका तेवढा काढायचा, बाकीचा वाचला. पुढे म्हणे दुधाच्या पिशवीवर, औषधाच्या बाटलीवर, नोटांवरसुद्धा असं काही येईल. मी म्हटलं, एक दाजींच्या कपाळाला लाव, करंजी खाल्ली की लाल. हसली गं. तिला हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

माझ्याकडे काम एवढंच होतं: रोज सकाळी सातला कांदे साठवलेल्या चाळीतल्या बारा खांबांवरच्या बारा पट्ट्या पाहायच्या आणि रंग लिहायचा. मी नवीन वही आणली, रकाने आखले: तारीख, वेळ, खांब क्रमांक, रंग, शेरा. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी हाताला काम लागलं, मला तर न्हाऊन निघाल्यासारखं झालं. पण आपल्या गावात विज्ञानाला सुखाने नांदू देतील तर शपथ. शेजारचा धोंडीराम पहिल्याच दिवशी आला, खांबाच्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, ही निळी हे. मी समोरून पाहत होतो, मला हिरवी. तो म्हणे निळी, मी म्हणे हिरवी, दोघांचा आवाज चढला, दोन बाया रस्त्यावर थांबल्या. शेवटी त्याला खांद्याला धरून माझ्या जागेवर उभा केला, तेव्हा हिरवी म्हणाला. (ही पट्टी तिरकी पाहिली की वेगळा रंग दाखवते, समोरूनच पाहायची, हे तेजलने बजावलं होतं. धोंडीराम जन्मात कुठल्या गोष्टीकडे समोरून पाहील तर ना!) पुढे त्याच महाभागाने एक पट्टी उपटून मोबाइलच्या पाठीला चिकटवली आणि बाजार समितीत मिरवला. राहिल्या अकरा.

त्या अकरांना मालनने गाठलं खंडेनवमीला. कोयता, विळे, खुरपी, फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टर, माझी स्कूटर, सगळ्यांची पूजा झाली आणि बाईसाहेब ताट घेऊन चाळीत शिरल्या. मी पोचेपर्यंत अकराच्या अकरा पट्ट्यांना हळद, कुंकू, झेंडू आणि वर पाण्याचा शिपका. मी कपाळावर हात मारला तर मलाच म्हणते, “पोरीचं हत्यार हाय ते. माझ्या खुरप्याला हळद आन् तिच्या हत्याराला नाय, हे कुठलं शास्त्र?”

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी चाळीची जाळी उघडली आणि वासाने मागे सरलो. ढीग उपसला. वरचा कांदा बरा, खालचा अर्धा पाणी होऊन गळत होता. सोनं वाटायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून परत गेली.

तिसऱ्या दिवशी तेजल आली. वही घेऊन ओट्यावर बसली, पान न् पान पाहिलं. श्रावण हिरवा, भाद्रपद हिरवा, आश्विन हिरवा, शेरा निरंक. म्हणाली, “मामा, एकदाही लाल नाही?” मी म्हटलं, हळदीने बिघडल्या गं पट्ट्या, तुझ्या मामीने घात केला. तर हळूच म्हणाली, “हळद खंडेनवमीची ना, मामा. आधीच्या पानांवरही हिरवंच आहे.” चहा तसाच ठेवून एसटीने गेली. तिच्या सरांनी वही पाहून सांगितलं म्हणे, की पट्टी प्रयोगशाळेत चालते, चाळीत चालत नाही, हे प्रकरण प्रबंधातून काढा. चार वर्षांचं काम त्या प्रकरणावर उभं. मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपते. आता ती सगळं सोडून कुठे शाळेत शिकवायला लागते म्हणते, हे तुला ठाऊकच आहे.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मला वाटलं, बोलेल काही. तर म्हणाली, “माझ्या नादाने तुमचे कांदे गेले मामा, मला माफ करा.” आक्का, तेव्हापासून घास उतरत नाही. तू आई आहेस, तिला समजाव. एका अपयशाने खचायचं नसतं, म्हणावं. मालनलाही फार वाईट वाटतंय, ती आता हळदीच्या डब्याकडे पाहत नाही. पत्र लांबलं, सांभाळून घे.

तुझा,
भिका

ता. क. धोंडीराम परवा नाशिकला येतोय, त्याच्याकडे वाचलेल्या कांद्याची गोणी देतो. गच्चीत पसरून ठेव.

ता. क. दुसरा. मालनचा काही दोष नाही. वर लिहिलं ते खोडत नाही, कारण खाडाखोड करून करून मी दमलोय. पट्ट्या लाल झाल्या होत्या आक्का. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चौथ्या खांबापासून पुढच्या पाच, रक्तासारख्या लाल. मी समोर उभा राहून पाहिल्या. मग कांदा हातात घेतला, दाबला, हुंगला; कडक, वास नाही, काही नाही. मला वाटलं, पोरीचं चुकलं. एवढी चार वर्षं राबली आणि पट्टी उगाच लाल होतेय. म्हटलं, आपल्या पोरीची चूक आपल्याच हाताने वहीत कशाला लिहायची? ‘हिरवी’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी लिहिलं. मायेने लिहिलं गं. तिच्यावर माया होती, विश्वास तेवढा नव्हता.

ता. क. तिसरा आणि खरा. तिला हे सांगायचं मला तोंड नाही, म्हणून तुला लिहिलं, तू सांग. पक्क्या वहीआधी मी रोज कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने कच्चं लिहायचो, कचेरीची सवय. त्या कच्च्यात ‘लाल’ लिहिलेलं आहे, तेव्हा खोटं सुचलं नव्हतं. आश्विनाचं ते पान फाडून सोबत जोडलंय, पाठीमागे सगळी हकिगत लिहून सही केलीय. तिच्या सरांपुढे येऊन उभा राहायलाही तयार आहे, बोलावतील त्या दिवशी येतो. त्या पानावर एवढंच पाहा म्हणावं: पट्टी लाल झाली द्वितीयेला, वास आला दसऱ्याला. मधले आठ दिवस तिचे आहेत. माझ्याकडे राहिलेत, ते तिला दे.