त्यांतला एक दिवस त्याचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, प्रसूतिगृहातली निवृत्त परिचारिका, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे वकीलबाई सांगतात. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, जेवणाच्या टेबलाशी बसून सांगते आहे आणि त्या लिहून घेत आहेत. मी मध्येच भरकटले तर तेही लिहावे, असे ठरले आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते.

कलम १. मी लग्न केले नाही. जवळची माणसे दोन: माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, आणि त्याची मुलगी चिमटी. वहिनी गेली. ती असती तर हे कागद तिच्याच हाती दिले असते, कारण आमच्या घरात शहाणी तीच होती.

कलम २. बाळाचे ठोके ऐकायची माझी लाकडी नळी प्रसूतिगृहातल्या मुलींना द्यावी. त्यांच्याकडे यंत्र आहे हे मला ठाऊक आहे. वीज जाते हेही ठाऊक आहे. शिवणयंत्र शेजारच्या शिंपीणबाईंना. ते गेली कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे, तेव्हा त्यांनी ते परत आणायची तसदी घेऊ नये. बँकेतली शिल्लक चिमटीला. तिने त्यातून शहाण्यासारखे काही करू नये, हिंडून यावे.

कलम ३. आता धर्मग्रंथातल्या ज्या वचनावरून आमच्या घरात अबोला झाला ते वचन. वकीलबाई म्हणतात, याची मृत्युपत्रात गरज नाही. मी म्हणते, घराचा निकाल त्याच्यावरच अवलंबून आहे.

दादा शाळेत गणित शिकवायचा आणि आम्हा ज्यूंच्या प्रार्थनागृहात वाचन करायचा. लहानपणी मला हिब्रू त्यानेच शिकवले. एका स्तोत्रात असे आहे, की मला आकार आला नव्हता तेव्हाच तुझ्या डोळ्यांनी मला पाहिले. तुझ्या पुस्तकात सारे दिवस लिहिले गेले, आणि त्यांतला एकही अजून उजाडला नव्हता. यातल्या शेवटच्या तुकड्यात एक गंमत आहे. एक शब्द लिहिलेला आहे ‘नाही’ असा, पण जुन्या लेखनिकांची समासात खूण आहे, की तो ‘त्याला’ असा वाचावा. उच्चार दोन्हींचा एकच. एका वाचनाने होते, ‘त्यांतला एकही नव्हता’. दुसऱ्याने होते, ‘त्यांतला एक त्याला’. दादा पहिल्याचा. सगळे ठरलेले, विषय संपला. मी दुसऱ्याची. पुस्तक देवाचे असेल, पण त्यांतला एक दिवस तरी माणसाच्या हातात दिलेला आहे. पंडित म्हणतात, तो ‘त्याला’ म्हणजे देवालाच. म्हणोत. मी बाळंतपणे केली आहेत.

तर वहिनीला दिवस भरायच्या फार आधीच कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ. दवाखान्यात न्यायला उसंतच मिळाली नाही. डॉक्टर घरी पोचले तेव्हा पोर माझ्या तळहातावर होती, निळसर आणि गप्प. त्यांनी तपासले आणि मान हलवली.

“आशा धरू नका. आईकडे बघा.”

दादा दारात उभा होता, हातात स्तोत्रांचे पुस्तक. म्हणाला, “जे लिहिलंय ते होईल. तिला उगाच त्रास देऊ नकोस.”

“मग माझंही काहीतरी लिहिलं असेलच ना? दारातून सरक, उजेड अडतोय!”

मी त्या इवल्या तोंडावर तोंड ठेवून चिमूट-चिमूट श्वास देत राहिले, पाठ चोळत राहिले. डॉक्टर वहिनीकडे वळले होते. आणि मांजराच्या पिल्लाने आळस द्यावा तसा एक आवाज आला. पुढे वहिनीने आणि मी आळीपाळीने तिला छातीशी बांधून ठेवली आणि ड्रॉपरने दूध पाजले. मी तिला चिमटी म्हणू लागले. आज ती बंदरावर क्रेन चालवते आणि दारातून आत येताना मान वाकवते.

पोर बाळसे धरू लागली तेव्हा दादा प्रार्थनागृहात आभार मानायला उभा राहिला. म्हणाला, “सगळं आधीच लिहिलेलं होतं. माणूस निव्वळ निमित्त.”

मी मागून ओरडले, “त्या निमित्ताची पाठ अजून दुखतेय!”

सगळे हसले. दादाचे कान लाल झाले. तेव्हापासून अबोला. घर एक, वर मी, खाली तो, जेवण एकत्र; बोलणे मात्र आधी वहिनीमार्फत, मग चिमटीमार्फत.

“चिमटे, तुझ्या आत्याला सांग, भाजी खारट झालीय.”

“चिमटे, तुझ्या बापाला सांग, तेही लिहिलेलंच होतं.”

ती मोठी झाल्यावर कळले, की निरोपांत ती पदरचेही घालायची. “आत्या, बाबा म्हणतात, खोकल्याचं औषध घे.” तो तसे म्हणालाच नव्हता. मी घेतले मात्र.

कलम ४. गेल्या वर्षी दादाच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन केले तर टेबलावरच जाण्याचा धोका, नाही केले तर जाणार हे नक्की. दादा म्हणाला, “दिवस लिहिलेले आहेत,” आणि हटून बसला. चिमटीने विनवण्या केल्या, रडली, ताटे आपटली. ढिम्म हलला नाही. मग एका दुपारी तो धापा टाकत जिना चढून माझ्या दाराशी आला.

“आत येऊ?”

निरोप सांगायला चिमटी कुठे दिसते का, म्हणून मी इकडेतिकडे पाहिले. नव्हती. “ये,” म्हटले.

“ऑपरेशनचं तू काय म्हणतेस?”

“मी कोण म्हणणार? पुस्तकात बघ.”

“बघितलं. ते काही बोलत नाही.” तो खुर्चीच्या हातावर नखाने रेघा ओढू लागला. “त्या सकाळी दारात मी जे बोललो ना, ते विश्वासाने नव्हतो बोललो. घाबरून बोललो. आशा धरली असती आणि पोर गेली असती, तर माझ्याच्याने सहन झालं नसतं. लिहिलेलं आहे म्हटलं की हात बांधून उभं राहता येतं.”

मी त्याला पाणी दिले.

“दादा, तुझ्या गणिताच्या पुस्तकात उत्तरं मागे छापलेली असायची. म्हणून पोरांनी गणित सोडवायचं नाही, असं म्हणायचास?”

“अंगठे धरायला लावले असते!”

“मग? देवाला उत्तर ठाऊक असेल, असू दे. त्याने डोकावलं म्हणजे आपला हात धरला असं होत नाही. बाकीचे दिवस त्याचे असोत. उद्याचा तुझा. जा, सही कर.”

त्याने केली. मी बाहेर त्याची कवळी डबीत घेऊन बसले होते. शुद्धीवर आल्यावर त्याने तोंड उघडले, “बघ, हे लिहि…”

“पुढे बोललास तर झडप काढून घेईन.”

तो छाती धरून हसला. नर्स मला रागावली. मला, नर्सला!

कलम ५. दादाने घराचा आपला अर्धा हिस्सा केव्हाच चिमटीच्या नावे केला आहे. माझा अर्धा आधीच्या मृत्युपत्रात मी प्रसूतिगृहाला दिला होता, केवळ दादाच्या डोक्यावर दिवसरात्र तान्ही पोरे रडावीत म्हणून. आता तो दादाला द्यावा, आणि त्याच्यामागे चिमटीला.

पुरवणी, सहीपूर्वी. वरील मजकूर वाचून झाला तेव्हा साक्षीदार म्हणून दादा पेन घेऊन पुढे सरसावला. वकीलबाईंनी त्याला थांबवले. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही केली, तर त्याला मिळणारे रद्द होते. घर किंवा सही, काय ते एक.

दादा म्हणाला, “घर खोडा.”

मी म्हटले, “अरे, राहशील कुठे?”

“चिमटीच्या घरात. तुझा हिस्सा सरळ तिलाच दे. तू जे केलंस त्याचा साक्षीदार मी आहे, दारात उभा होतो. ते मला एकदा लिहून द्यायचंय.”

चिमटी म्हणाली, “भाडं घेईन हं, बाबा.” आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली.

म्हणून कलम ५ मधून दादाचे नाव खोडले आहे. हिस्सा थेट चिमटीला. दादाने पेनचे टोपण काढले आणि माझ्याकडे बघत मिस्कीलपणे म्हणाला, “हेसुद्धा लिहिलेलंच…”

“आजोबा,” वकीलबाई म्हणाल्या, “तुमची सही होईपर्यंत हा नुसता कागद आहे.”

लिहून ठेवणारी: सिस्टर (सही)

साक्षीदार: १. थोरला भाऊ, गणिताचे निवृत्त शिक्षक (सही; अक्षर तिरके, पण वाचता येते)
२. शेजारच्या घरातले सुतारकाका (सही)

ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: आजचा