तीस इंचांवरची माती

१४ जाने. २०१७, नरपड
माझ्या डिझाइनचे वाफे रेडी! सहा, जमिनीपासून तीस इंच वर, खाली व्हीलचेअर आरामात जाते. देवळामागे, रॅम्पसकट. गावातल्या सगळ्यांसाठी. म्हणजे खरं तर बाबांसाठी. पॅरालिसिसनंतर आठ महिने घराबाहेर नाहीत. आयुष्यभर चिकूची कलमं बांधणारा माणूस, आणि दिवसभर टीव्ही...

२६ जाने.
ओपनिंग. सरपंच, नारळ, फोटो. बाबा नाही आले. "खुर्चीत बसवून सगळ्यांसमोर नेणार? मी काय गणपती आहे?"
वांग्याची रोपं मी एकटीनेच लावली.

२ फेब्रु.
माझ्या वाफ्यांवर जाळी टाकून सुकट वाळत घातलीय!! ओरडले, तर एक मावशी म्हणे, "उंच हाय ना गो, कुत्रा पोचत नाय. मस्त केलंस."

७ फेब्रु.
बाबा घरात नाहीत. फुल टेन्शन. सापडले कुठे, तर शेजारच्या रेखाताईच्या अंगणात. तिच्या नवऱ्याने पाठुंगळी नेलं, मागच्या कुंपणातून, कोणी बघू नये म्हणून. तिची नर्सरी म्हणजे दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि शेणखत, बस. सात-आठ जण खाली बसून माती भरतायत, मधे बाबा. डाव्या हाताने. हसत!
रेखाताई मलाच सांगते, "काकांना कलमातलं किती कळतं गं!"
मला माहीत नाही? माझे बाबा आहेत.
जळतेय मी. लिहून टाकलं.

११ फेब्रु.
मुद्दाम गेले, चुका काढायला. रॅम्प नाही. वाट खडबडीत. सावली अर्धीच. लिस्ट चालू होती, आणि मग दिसलं. सगळेच खाली, पाय पसरून. कोणाला चालता येत नाही ते बघून कळतच नव्हतं. बाबांचंही नाही.
तिने हे ठरवून केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तिने विचारसुद्धा केला नाही!
बाबा म्हणाले, "उभी काय? पिशवी धर." धरली. तर रेखाताई आली, माती किती दाबायची ते शिकवायला. मला.

१३ फेब्रु., सोम.
तलासरीच्या पंचायतीतून फोन. त्यांना सेम बाग हवी, ड्रॉइंग आजच पाठवा. फायनली!
फाइल उघडली. उंचीपुढचं ३० खोडलं. जागा रिकामीच ठेवलीय. खाली 'डिझाइन'पुढे माझं नाव. फक्त माझं. तासभर तेच बघतेय.
बाबा टोपी घालून तयार. हाक मारतायत, "रेखाकडे तू सोडतेस, का तिच्या नवऱ्याला बोलावू?"