दहा ते एक ब्लॉक

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती झाले, पाहुणे गेले, आता कॉम्प्युटर. आजपासून रोज सकाळी दहा ते एक मेन्टेनन्स ब्लॉक. रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभा जन्म काढला तो काय उगाच नाही. रूळ असो, तार असो, दुरुस्ती करायची तर आधी त्या लाइनवरच्या गाड्या बंद करायच्या, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक न घेता कामाला हात लावणारा माणूस स्वतः मरतो, नाहीतर दुसऱ्याला मारतो. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: १० ते १ ब्लॉक, कॉम्प्युटर मिळणार नाही. खाली सही. जनार्दन वाघुळदे, सीनियर सेक्शन इंजिनिअर, निवृत्त. रत्नमालानं वाचलं, बरं म्हणाली आणि माझ्या सहीखाली कोथिंबीर, लिंबं असं लिहून गेली.

खरं तर हे सगळं तिच्यासाठीच. जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं झाली. दसऱ्याला स्मरणिका निघायची आहे आणि संपादक आमची ही. तेव्हा कॉम्प्युटर ठणठणीत ठेवण्याची जबाबदारी कोणाची? माझी. मला तसं कोणी सांगितलेलं नाही. चांगल्या कर्मचाऱ्याला सांगावं लागत नाही.

पितृपक्ष लागलाय, नवीन काही सुरू करू नका, असं म्हणाली. म्हटलं, मेन्टेनन्स नवीन नसतो, नित्य असतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत दूध आणून, तापवून, साय धरायला लागली. दोष सापडला. अपडेट. न विचारता आत घुसतात. मी मात्र दोन वर्षांत एकाही अपडेटला आत येऊ दिलेलं नाही. मी लाइन क्लिअर दिल्याशिवाय माझ्या स्टेशनात गाडी येईलच कशी?

आज कोपऱ्यात नवीनच सूचना. हा कॉम्प्युटर जुना असल्यामुळे त्यावर नवी आवृत्ती चालणार नाही आणि जुन्या आवृत्तीचा सपोर्ट लवकरच बंद होईल. म्हणजे इतकी वर्षं इमानेइतबारे वापरलं त्याचं हे फळ. मलाही साठीला असंच पत्र आलं होतं. निदान सोबत शाल-श्रीफळ तरी होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मोठा निर्णय. दुसरा अँटिव्हायरस टाकला. पहिला होताच. पण रेल्वेत महत्त्वाचं कुलूप एका किल्लीनं उघडत नाही, दोन माणसं, दोन किल्ल्या लागतात. त्याला डबल लॉक म्हणतात. हे त्या कंपन्यांच्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे.

संध्याकाळी नीरजचा गुरुग्रामहून फोन. चिरंजीव कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत. त्याच्या मते दोन-दोन अँटिव्हायरस ठेवायचे नसतात, "मतलब, ते आपसात लढतात". मराठी धड बोलता येत नाही आणि बापाला शिकवतो. त्याला म्हटलं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी फेल-सेफ शिकवत आलोय.

१३ सप्टेंबर, शनिवार

लढले. पहिल्यानं दुसऱ्याला व्हायरस ठरवून कोंडून ठेवलं. दुसऱ्यानं पहिल्याला. कॉम्प्युटर जागच्या जागी उभा, माऊससुद्धा हलेना. नीरजला कळवायची गरज नाही. सिग्नल बिघडला की आपोआप लाल होतो, त्यालाच फेल-सेफ म्हणतात, म्हणजे कोणाला धोका नाही. माझा कॉम्प्युटर आत्ता लाल आहे. म्हणजे सुरक्षित आहे.

रत्नमालाचं कौतुक वाटतं. इतके दिवस तिला कॉम्प्युटर नाही, पण हूं की चूं नाही. आतल्या खोलीत दार लोटून लॅपटॉपवर सिरियली बघत बसते. नीरजनं तिला दोन दिवाळ्यांपूर्वी दिलेला. एवढ्या चांगल्या मशीनचा हा उपयोग. असो. समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

काल प्लग काढून घालून कॉम्प्युटर सुरू केला. आज सफाई. झाडूचं चित्र असलेलं एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. त्यानं अदबीनं विचारलं, वर्षभरात ज्या फाइली कोणी उघडलेल्या नाहीत त्या काढून टाकू का? हे मला पटलं. प्लॅटफॉर्मवर बेवारस सामान ठेवायचं नसतं. म्हटलं, टाक. मग रिसायकल बिनही रिकामा केला. पार्सल ऑफिसात सामान पडून राहिलं की उंदीर होतात.

काय पळायला लागला म्हणून सांगू. रत्नमालाला हाक मारून दाखवला. छान, म्हणाली.

दुपारी २

घात झाला. 'स्मरणिका' नावाचं फोल्डर गेलं.

दुपारी ४

पुन्हा सगळीकडे शोधलं. नाही. वर्षभरात न उघडलेल्या फाइली काढतो म्हणाला होता मेला. स्मरणिका दसऱ्यावर आलेली, संपादक घरात, आणि ही फाइल वर्षभर कोणी उघडलीच नाही? शक्य आहे का? धडधडीत खोटं. गोड बोलून केसानं गळा कापला. झाडूचं चित्र बघून मी फसलो.

बॅकअप घ्यायचा विचार मी मार्चमध्ये केला होता. मार्चच्या पानावर तशी नोंद आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

झोप नाही. बाकी लेख लोक रत्नमालाच्या फोनवर पाठवतात, त्यांची काळजी नाही. पण त्या फोल्डरात बळवंतरावांचा लेख होता. मंडळ स्थापन करणाऱ्यांतले आता ते एकटेच उरलेत. मीटर गेजच्या काळातले, जयपूरजवळच्या फुलेरा इंजिन शेडचे ड्रायव्हर, वाफेच्या इंजिनावरचा माणूस. दोन वर्षांपूर्वी रत्नमाला उन्हाळाभर त्यांच्याकडे जात होती. ते सांगायचे, ही लिहून घ्यायची आणि घरी येऊन याच कॉम्प्युटरवर टाइप करायची. गेल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून वाचा गेली.

म्हणजे तो लेख जगात दुसरीकडे कुठेही नाही आणि आता होणारही नाही.

ठरवलं. आज संध्याकाळी रत्नमालाला सरळ सांगायचं. आपण भ्यायचं कशाला, चूक सॉफ्टवेअरची आहे.

रात्री ९

तिनं भरीत केलं होतं. पानावर बसलेल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. उद्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल एकादशी. तिचा उपास होता, म्हणून राहिलं.

आज गेलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर टाकलं. ब्लॉक संपून गेला तरी चालू. काय परत आणलं? हजारो बारीक बारीक चित्रं, भुसावळच्या एका सिग्नल केबिनचा धुरकट फोटो आणि रत्नमालाच्या पाककृतींच्या फाइलीचं अर्धं पान. त्यात वांगी भाजण्यापर्यंत आहे, पुढचं नाही. ही फाइलही अशीच एकाएकी गेली होती, मी तेव्हा नुकताच निवृत्त होऊन कॉम्प्युटर हातात घेतला होता. तो व्हायरस होता. मी तेव्हाच तिला तसं सांगितलं होतं आणि तिनं ऐकून घेतलं होतं.

बळवंतरावांचा एक शब्द नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

मुरलीपुऱ्याला बळवंतरावांकडे गेलो. घरी सांगितलं, दाढीचं सामान आणायला जातो. योजना पक्की होती. बोलता येत नसलं तरी समजतं ना? मी प्रश्न विचारायचे, त्यांनी हो असेल तर डोळे मिटायचे. त्यांची सून आनंदी, तिनं चहा दिला आणि खुर्ची खाटेजवळ ओढून दिली.

विचारलं, पहिलं इंजिन फुलेऱ्याला मिळालं का? मिटले. मंडळाची पहिली सभा तुमच्या क्वार्टरमध्ये झाली का? मिटले. मग विचारलं, त्या दिवशी नेमकं काय-काय झालं? याला हो-नाही कसं म्हणणार. ते नुसते बघत राहिले. मग मिटले ते उघडेचनात, झोप लागली होती.

निघताना जागे झाले. चांगल्या हातानं माझा हात धरला आणि सोडेनात. आनंदीनं सांगितलं, बाबा स्मरणिकेची वाट बघताहेत, कोणी मराठी माणूस आलं की असाच हात धरतात. बसमध्ये घरी, खातीपुऱ्यापर्यंत, उभाच आलो, जागा असून. दाढीचं सामान आणायचं राहिलं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

उपाय सुचला. लेख मीच लिहायचा. बळवंतरावांच्या तोंडून. त्यांच्या आठवणी मंडळाच्या कोजागिरीला मीही ऐकल्या आहेत, दुधाच्या रांगेत उभं राहून का होईना. माणूस एकाच रेल्वेचा. ड्रायव्हर काय आणि सिग्नल काय.

सलग तीन दिवस ब्लॉक. रत्नमालाला आत यायला मनाई.

२४ सप्टेंबर, बुधवार

लेख पूर्ण. झकास उतरलाय. मूळ लेख मी वाचला नव्हता, पण त्यापेक्षा सरसच असणार. धुक्याच्या रात्री बळवंतराव गाडी घेऊन येताहेत, समोर काही दिसत नाही, आणि सिग्नल खात्याच्या एका तरुण, हुशार अधिकाऱ्यामुळे अपघात टळतो, असा प्रसंग मध्ये घातलाय. बळवंतराव शेवटी म्हणतात, ड्रायव्हर नुसता हाकतो, गाडी खरी चालवतं ते सिग्नल खातं. त्यांनाही असंच वाटत असणार.

'स्मरणिका' नावाचं नवं फोल्डर करून त्यात ठेवला. होता तिथेच, होता तसाच. रत्नमाला उघडेल, घेईल, छापेल. कोणाचं काही बिघडलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारलं, स्मरणिका कुठवर आली? म्हणाली, छापायला गेली सोमवारीच. मी म्हटलं, सोमवारी? बळवंतरावांचा लेख घेतलास ना? घेतला, म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, हो, सध्या व्हायरसचे दिवस आहेत, अनोळखी लिंक उघडू नकोस. ती कपबश्या उचलून आत गेली.

माझा लेख बुधवारी पूर्ण झाला, छापायला गेलं सोमवारी. मग हिनं घेतलं काय? बहुतेक दिवस सांगताना चुकली असेल. गडबडीत होतं असं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी यंत्रांची पूजा. नोकरीत असताना दसऱ्याला केबिनमध्ये पाने, पकडी, बॅटऱ्या सगळं मांडून पूजा व्हायची. मी कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. हवा आत जायच्या जाळीवर माळ आल्यामुळे तो जरा गरम झाला, पण ते चालायचं. तेवढ्यात रत्नमाला आतून लॅपटॉप घेऊन आली आणि शेजारी ठेवून त्यालाही फूल वाहिलं. मनात म्हटलं, सिरियलींची पूजा.

रात्री १०

सोनं वाटून झालं, स्मरणिका निघाली. आनंदीनं बळवंतरावांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. पहिली प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. मी मागच्या रांगेत पान उघडलं.

त्यांचाच लेख. खरा. फुलेऱ्याची शेड, क्वार्टरमधली पहिली सभा, एकाच स्टोव्हवर झालेला साऱ्या मंडळींचा चहा. सिग्नल खात्याचा उल्लेख एकदाच, तोही असा: आम्ही ड्रायव्हर लोक म्हणायचो, चालत्या इंजिनाला पाना लावू नये, पण सिग्नलवाल्यांना कोण सांगणार. लोक हसले. समोर बळवंतराव पानावरून बोट फिरवत होते. त्यांचे डोळे भरले होते. माझेही, पण ते वेगळ्या कारणानं.

घरी आल्यावर विचारलं, हा लेख आला कुठून? रत्नमाला साडीची घडी घालत होती. घडी पुरी केली आणि बोलली.

"लॅपटॉपवरून. तुम्ही माझ्या पाककृती साफ केल्यात ना, तेव्हापासून मी त्या कॉम्प्युटरवर काही ठेवत नाही. स्मरणिकेचं काही तिथे नव्हतंच. एक जुनी प्रत राहिली होती, तेवढी."

म्हणजे सिरियली नव्हत्या. नीरजला माहीत. आनंदीला माहीत, तिनं मी येऊन गेल्याचं त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. सगळ्या जगाला माहीत. मी एवढा ब्लॉक घेऊन बसतो त्या लाइनवर दोन वर्षं एक गाडी धावत नाही, आणि मला, मला कोणी सांगितलं नाही. घरच्या माणसांनी असा दगा द्यावा? तिला तसं म्हटलं. चांगला आवाज चढवून म्हटलं.

"तुम्हाला रोज दहा वाजता कुठेतरी बसायला हवं होतं," म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं. आणि या वेळी वाट बघत होते. आज सांगाल, उद्या सांगाल. मी विचारलंसुद्धा."

मग दिवा मालवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री पडल्या पडल्या एक अँटिव्हायरस काढून टाकायचं ठरवलं होतं, नीरजसाठी नाही, माझ्या मतानं. सकाळी काढला. अपडेटलाही लाइन क्लिअर दिली. आलं आणि गेलं. कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. कुठे काही अडत नाही.

रत्नमाला दाराशी आली. ब्लॉक आहे का, विचारलं. म्हटलं, आहे. फळ्यावर लिहिलंय. तिनं चहा ठेवला आणि दार लोटून गेली.

'स्मरणिका' फोल्डर उघडलं. आत एकच फाइल, मी लिहिलेली. तिचा बॅकअप घेतला. सुरक्षितता म्हणून दुसऱ्या पेनड्राइव्हवरही घेतला. दोन्ही मिळून चहा निवायच्या आत झालं.

आता सव्वादहा. एकपर्यंत ब्लॉक आहे.