सुगंधाबाईच्या गळ्यातलं नाणं

४ फेब्रुवारी १९५७, एटापल्ली

दवाखान्यात दिवसभरात एकच पेशंट — सुगंधाबाई, ढिवरांची म्हातारी. मासोळ्या कापताना विळीवर तळहात चिरला. टाके घालताना गळ्यातलं चांदीचं नाणं दुसऱ्या मुठीत घट्ट! सोडेचना. त्यावर दाढीवाला, टकला पुरुष. अक्षरं वाचता येईनात.

"कोण हो हा, बाई?"

"माहा मालक व्हय! मोठ्या लढाईत गेला. संग गेलेल्या लटारूच्या हातानं हे धाडलं. सरकारनं त्याचं तोंड छापलं नं!"

लटारू परतला. तो नाही. चाळीस वर्षं झाली. हिचं कुंकू मात्र रुपयाएवढं.

११ फेब्रुवारी

टाके काढले. गरज नसतानाही आठवडाभर रोज येते. ओट्यावर बसून आधी नाण्याशी बोलते, मग माझ्याशी. "आज झिंगे गावले, म्हटलं त्याले." इथे येऊन सहा महिने झाले — कामाशिवाय माझ्याशी बोलणारी ही पहिलीच.

१९ फेब्रुवारी

वरोऱ्याहून पत्र नाही. दादा-वहिनी विसरले बहुतेक.

२६ फेब्रुवारी

रेंजरसाहेब तापाचं औषध न्यायला आले. नाणं पाहून हसले. "अहो, हा तर रशियाचा बादशहा! अलेक्झांडर तिसरा. मेल्यावर त्याचा पुतळा उभारला, तेव्हाचं नाणं. माझ्या पुस्तकात चित्र आहे."

मी डोळ्यांनी खुणावत होते. थांबलेच नाहीत!

सुगंधाबाईनं पदरानं नाणं झाकलं. उठून गेली.

३ मार्च

पाच दिवस आली नाही. शेवटी मीच गेले नदीकाठी, तिच्या झोपडीत. चूल थंड. शेजारी बसले. तशी म्हणाली, "पराया मानसासंग बोलत राह्यली वो बाई, इतके वर्सं! अन् त्याचं खरं तोंड आता आठवतच नाई."

तिचा हात धरून बसले, एवढंच.

घरी आल्यावर पेटीतून ह्यांचा फोटो काढला. ह्यांना जाऊन सात वर्षं झाली. निदान फोटो तरी आहे माझ्याकडे.

१६ मार्च

सुगंधाबाई दारात. कपाळ मोकळं, गळा मोकळा. मी जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नाणं नदीत सोडलं म्हणाली — "हाडं नाई, राख नाई. सोडाले त्याचं दुसरं होतं काय?" आज तेरवी.

"जेवाले चाल, बाई. पंगतीले घरचं मानूस पाह्यजे नं."