हालचाल नाही

४ मार्च
आलो एकदाचे! इथल्या माळावर वारा असा की टोपी सांभाळू की नवरा, असं झालं. दाउलेतने माझी टोपी पकडली, स्वतःची घालवली. त्याला तांब्याच्या खाणीत खाली काम, मला वर नियंत्रण खोलीत. शेजारीच राहणाऱ्या, त्याच खाणीत मुरलेल्या दाउलेतच्या चुलत्यांनी, कुआनिश-अगांनी, गरम बाऊरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणून दिले आणि वर विचारलं, सूनबाईला चहा तरी करता येतो, की नुसती यंत्रंच?

९ मार्च
काम फार आवडलं. जमिनीखाली उपग्रहाचं काही चालत नाही. म्हणून बोगद्यातला प्रत्येक दिवा डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतो आणि आपला क्रमांक सांगतो; पहिला माझ्या खोलीच्या दारावर, तिथून खाली आकडा वाढत जातो. हेल्मेटवरची नखाएवढी चकती तो प्रकाश टिपते आणि माझ्या पडद्यावर त्या माणसाचा ठिपका उमटतो. चूक फार तर वीतभर. दाउलेतचा ठिपका मी हिरवा केलाय. तो म्हणतो, आता चुलत्यांकडे गप्पा मारायचीही सोय उरली नाही.

२० मार्च
सकाळी सातव्या बोगद्यात लाकडी टेकूंना आग लागली. बाकीचे बाहेर आले. दाउलेत धुरापलीकडे राहिला. त्याचा ठिपका दिवा ४४ खाली.

भिंत घालून हवा तोडली नाही, तर आग शेजारच्या बोगद्यात पसरणार. तिथून साठ माणसं अजून निघायची होती. मुख्य अभियंत्यांनी मला विचारलं, हालचाल आहे का? सहा तास ठिपका तसूभर हलला नव्हता. मी नाही म्हटलं. ‘ठिपका दिवा ४४ खाली, हालचाल नाही’ अशा कागदावर सही केली. दुपारी भिंत झाली.

२३ मार्च
गेलेल्याच्या घरी चाळीस दिवस दिवा जळत ठेवायची आपली रीत. कामगार अडून बसले, म्हणून भिंतीपलीकडचे दिवे चालू ठेवलेत. हेल्मेटची बॅटरी सोळा तासांची. ठिपका केव्हाच विझला. मी मात्र पडद्यासमोरून उठत नाही.

२ एप्रिल
ठिपका परत आला. हिरवा. दिवा ४४.
सगळं तपासलं. बिघाड नाही.

११ एप्रिल
कुआनिश-अगांनी आज तो सहीचा कागद वाचला. आले आणि ढसाढसा रडले. म्हणाले, अडकलास तर हेल्मेट दिव्याखाली टांग, हे त्याला मीच शिकवलं. वरच्यांना जागा दिसत राहते, आपण हातबत्ती घेऊन वाट शोधायची. ठिपका थेट दिव्याखाली ठाम, तर हेल्मेट टांगलेलं, माणूस जिवंत. इथलं शेंबडं पोरही जाणतं. तुला कुणी सांगितलं नाही, सूनबाई?

नाही सांगितलं. मी विचारलंही नाही. तो जिवंत होता आणि मी त्याला गाडलं.

२० एप्रिल
ठिपका भिंतीशी आलाय. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. फट शोधतोय. मी पाहतेय — भरदिवसा पाहतेय. इतरांना पडदा कोरा दिसतो.

२९ एप्रिल
चाळिसावा. दुपारी पलीकडचे दिवे बंद केले. ठिपका गेला नाही —

भिंतीच्या अलीकडे. दिवा ३०. मग २२.

सगळे चाळिसाव्याच्या जेवणाला गेलेत. मी गेले नाही. पळणारही नाही. कुठे पळू —

दिवा ९. तो विचारणार. सही का केलीस, विचारणार —

दिवा १. हा माझ्याच दारावरचा —

दाउलेत, मला खरंच कुणी सांगितलं नव्ह