दहा मिनिटांची पायरी

३ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाई पलंगावरून उतरताना पडल्या. प्लास्टिकचं स्टूल पायाखालून सटकलं. हाड मोडलं नाही, नशीब! भावजींचा लगेच फोन — रविवारी येतो, आईला घेऊन जातो. सासूबाई फोनवर भावजींना एवढंच म्हणाल्या, तुझ्याकडे दिवसभर घरात कुणी नसतं, मला पलंगावरून उतरवणार कोण? मी मनात म्हटलं, बरं झालं! बावीस वर्षं भांडतोय आम्ही. त्या गेल्या तर दिवसभर शिवताना मी बोलू कुणाशी? मशीनशी?

लाकडाची पक्की पायरीच हवी. रविवारच्या आत, म्हणजे भावजींना न्यायला कारणच उरणार नाही. सुतार एवढ्याशा कामाला येईना. मोबाइलवर व्हिडिओ सापडला — दहा मिनिटांत पायरी. पन्नास ब्लाउज महिन्याला शिवते मी, एक फळी काय अवघड!

४ सप्टेंबर, बुधवार

फळी आणली. कागदाचा नमुना काढला, टेपने मापं घेतली, खडूने आखलं, कापलं. जोडायला गेले तर प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना बोटभर जास्त. हाताने सवयीने शिलाईसाठी जागा सोडली! हे पोट धरून हसले. म्हणे, आता काज-बटणंही करून टाक.

पुन्हा कापलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

स्क्रू पिळला आणि फळी चर्रकन उभी चिरली. कापड उभ्या धाग्यात फाटतं ना, तस्संच! म्हणजे लाकडालाही उभं-आडवं असतं? तुकडे हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. आडवा तुकडा मोडून पाहिला — मोडेचना. दोन गिऱ्हाइकं कपडे न घेताच परत गेली. पण व्हिडिओतल्या बाबाची फळी का चिरत नाही?

६ सप्टेंबर, शुक्रवार

व्हिडिओ अगदी सावकाश चालवून पाहिला. चोरी सापडली! कापताना त्याच्या शर्टाची कॉलर एक, स्क्रू पिळताना दुसरी, पायरीवर उभा राहतो तेव्हा तिसरीच. तीन शर्ट म्हणजे तीन दिवस! आणि दुसऱ्या शर्टात स्क्रूच्या जागी बारीक भोकं आधीच पाडलेली. ती कधी पाडली? दाखवलंच नाही. डिंक वाळायला दिवस-रात्र लागते, तेही गिळलं.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "स्वयंपाकाच्या व्हिडिओत कांदा कधी कुणी चिरताना पाहिलायस?" लाख बोलल्या.

७ सप्टेंबर, शनिवार

नवी फळी. आधी भोकं, मग डिंक, मग स्क्रू. चिरली नाही! दाबून धरायला काही नव्हतं, म्हणून वर शिलाई मशीनच ठेवलं. दर तासाला मी मशीन उचलून बघायला जाते आणि सासूबाई पलंगावरून डोळे वटारतात. त्यांना माझ्याहून घाई, पण कबूल करणार नाहीत.

८ सप्टेंबर, रविवार, सकाळ

आधी मी उभी राहिले. मग हे, सगळं वजन टाकून. मग सासूबाई. हात न धरता उतरल्या! चढल्या, पुन्हा उतरल्या. पाच वेळा. आता येऊ देत भावजी. चहा पाजून परत पाठवते.

रविवार, संध्याकाळ

सासूबाई गेल्या. भावजी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आता मला उतरवायला कुणी लागत नाही. चल, येते तुझ्याकडे." जायचं त्यांच्या मनात कधीपासून होतं, मला कळलंच नाही. पायरी सोबत नेली. निघताना पाठीवरून हात फिरवला, "चांगली पक्की केलीस गं." मला एकदम रडूच आलं.